सासऱ्यांचं मॅनर आणि बाबांचं फेरफार रजिस्टर

लग्न होऊन इंग्लंडला आले तेव्हापासून सासरच्या हॉलमध्ये एक फ्रेम बघतेय. ढाल, ढालीवर तीन पक्षी, खाली लॅटिनमध्ये एक ओळ आणि वर ठळक अक्षरात आमचं आडनाव. सासऱ्यांच्या वडिलांनी ती कुठल्याशा जत्रेत घेतली होती आणि तिच्याबरोबर एक वाक्य घरात पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं, की आपण मूळचे दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या एका मॅनरचे, आणि मॅनर म्हणजे मोठं दगडी घर असंच सगळे धरून चालले होते. कुठलं मॅनर, कधी, कोण होतं तिथे, कुणालाच माहीत नाही. सासरे ऐंशीला टेकले तेव्हा एकदा चहा पिताना म्हणाले की मला ते घर एकदा बघायचंय, आणि मी म्हटलं शोधते मी. नवरा म्हणाला नको त्या फंदात पडू, पण मला खरंच मनापासून करावंसं वाटलं, कारण माझ्या माहेरी सात पिढ्यांची नावं आजीला तोंडपाठ होती आणि इथे या माणसाला स्वतःच्या पणजोबांचं नाव धड माहीत नव्हतं.

साडेतीन वर्षं लागली. कसं केलं ते सगळं लिहून ठेवते, कारण इंग्लंडमध्ये लग्न करून आलेल्या किंवा इथेच जन्मलेल्या मुलांना दोन्हीकडची माणसं माहीत व्हावीत असं वाटणाऱ्या बऱ्याच जणी मला विचारतात की सुरुवात कुठून करायची.

सुरुवात घरातूनच. सासऱ्यांना रेकॉर्डर लावून बोलतं केलं, माळ्यावरची बिस्किटांची पत्र्याची डबी खाली काढली, त्यात दोन जन्मदाखले, एक रेल्वेचा पास आणि फोटोंचा गठ्ठा निघाला, फोटोंच्या मागे पेन्सिलने क्रॉयडन लिहिलेलं, लंडनजवळचं ते. एवढ्यावरून मागे मागे जायचं. इथे एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा, आपल्याकडून मागे जायचं, वरून खाली यायचं नाही. मॅनर शोधून मग त्याला आपलं घराणं चिकटवायचं नाही. मला एका साइटवर कुणीतरी बनवलेला आमच्या आडनावाचा वंशवृक्ष सापडला होता, तो थेट तेराव्या शतकातल्या एका नाइटपर्यंत जात होता, सासऱ्यांना केवढा आनंद झाला, आणि मी नीट बघितलं तर मधे एक बाई स्वतःच्या मुलानंतर नऊ वर्षांनी जन्मलेली. तो सगळा वृक्ष सोडून द्यावा लागला आणि हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, तोपर्यंत मागे जाणं तसं सोपं आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या साइटवर जन्माच्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव दिसतं आणि हा फार मोठा आधार आहे, कारण एकाच नावाची पोरं गावोगाव असतात पण आईचं आडनाव जुळलं की धागा हाताला लागतो. जोडीला दर दहा वर्षांची जनगणना. ती शंभर वर्षं बंद ठेवतात, म्हणून १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये उघडली, त्यात सासऱ्यांचे वडील नऊ वर्षांचे, शाळेत जाणारे. १९३१ ची आगीत जळून गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, मग मधली पोकळी भरायला सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर आहे, युद्ध सुरू झाल्या झाल्या ओळखपत्रांसाठी केलेलं.

१९११ ची जनगणना मात्र वेगळीच आहे. त्यावर्षीचे घरोघरचे मूळ फॉर्म जपून ठेवलेत, म्हणजे घरच्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला कागद तुम्हाला बघायला मिळतो. त्यात लग्न झालेल्या बाईच्या लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती आहेत, किती गेली असे कॉलम होते. मुलांच्या तीन कॉलममध्ये सासऱ्यांच्या पणजोबांनी लिहिलेलं, ८, ५, ३. आणि वर नावांच्या यादीत त्यांनी गेलेल्या तिन्ही मुलांची नावंही लिहिली होती, वय लिहायच्या जागी काहीच नाही, फक्त नावं. जनगणनेच्या रात्री घरात हजर नसलेल्यांची नावं लिहायची नसतात, म्हणून तपासणाऱ्याने त्या तीन ओळींवर लाल शाईने सरळ रेघ मारली होती. रेघेखाली नावं स्पष्ट वाचता येतात. मी ते स्क्रीनवर मोठं करून सासऱ्यांना दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले यातलं एक नाव माझ्या वडिलांचं मधलं नाव होतं, ते कुठून आलं कुणाला माहीत नव्हतं.

तर असं करत करत पाच पिढ्या मागे क्रॉयडनच्या एका सुतारापर्यंत पोचले. १८५१ च्या जनगणनेत हा सुतार ५४ वर्षांचा आहे आणि जन्मगाव म्हणून ससेक्समधल्या एका पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचं नाव, लुइस गावाजवळ, साउथ डाउन्सच्या पायथ्याशी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून तिथे या आडनावाची माणसं राहतात. आता १८५१ चं महत्त्व इथे कळतं, कारण १८४१ च्या जनगणनेत फक्त याच परगण्यात जन्म झाला का, हो किंवा नाही, एवढंच विचारलेलं आणि पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे आमचा सुतार तिथे सरळ ४० चा दिसतो. हा माणूस १८५१ पर्यंत जगला म्हणून आम्हाला गाव मिळालं.

आणि तिथेच गाडी अडली ती आठ महिने.

१८३७ च्या मागे गेलं की चर्चच्या पॅरिश रजिस्टरवर अवलंबून राहावं लागतं. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, लग्नं, दफन यांची नोंद ठेवायची, म्हणजे नशीब चांगलं असेल तर जवळपास पाचशे वर्षं मागे जाता येतं. पण नोंदी असतात किती तोकड्या! १८१३ पासून छापील फॉर्म आले, त्यात निदान बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण असतं, त्याच्या आधी फक्त अमक्या तमक्याचा मुलगा. आमच्या गावात एकाच नावाच्या दोन पोरांचे बाप्तिस्मे झालेले, एक नोव्हेंबर १७९६ आणि एक मे १७९८, दोघांचे बाप सख्खे भाऊ, आणि दोन्ही भावांनी स्वतःच्या बापाचं नाव पहिल्या मुलाला ठेवलेलं. म्हणजे चुलत भाऊ, नाव आडनाव तंतोतंत एक. यातला क्रॉयडनला गेलेला सुतार कोण? जनगणनेतलं वय धरलं तर पहिला, मृत्यूच्या दाखल्यावरचं वय धरलं तर दुसरा. लग्न १८२२ चं, ते पंधरा वर्षांनी झालं असतं तर दाखल्यावर बापाचं नाव आणि धंदा आला असता. मृत्यूच्या दाखल्यावर त्या काळी आईबापाचं नाव नसायचंच. सगळ्या बाजूंनी दारं बंद.

या काळात एक चूक मी केली ती सांगते, तुम्ही करू नका. वरच्या एका पिढीत लग्न एप्रिल १७१८ चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७१८ चा. मला वाटलं लग्नाआधीचं मूल, सासऱ्यांना तसं सांगूनही टाकलं. नंतर कळलं की इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याने नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे त्या वर्षीचा फेब्रुवारी हा एप्रिलच्या नंतर येतो, दहा महिन्यांनी. आपल्याला खरं तर हे सुचायला हवं, आपलं वर्षही पाडव्यालाच बदलतं की. सासऱ्यांना लगेच फोन करून त्या बाईंची माफी मागितल्यासारखं सगळं परत सांगितलं.

तोपर्यंत माझ्या डोक्यात मॅनर म्हणजे मोठं दगडी घर होतं, सासऱ्यांच्याही होतं. मी व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या परगण्यांच्या इतिहासाच्या ग्रंथमालेतला ससेक्सचा खंड काढला, त्यात प्रत्येक पॅरिशमधलं मॅनर कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी असते, पार डूम्सडे बुक या जमिनींच्या जुन्या नोंदवहीपासून म्हणजे १०८६ पासून. आमच्या गावच्या मॅनरची साखळी दोन दोनदा वाचली, मालकांमध्ये आमचं आडनाव कुठेच नाही. मग ढालीचं बघितलं, तर इंग्लंडमध्ये असं घराण्याचं चिन्ह आडनावाला मिळतच नाही, ते एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं आणि त्याचा हिशोब लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स ठेवतं. एकाच आडनावाच्या हजार माणसांना ते लागू होत नाही. त्या दिवशी मी सासऱ्यांना काहीच बोलले नाही. मला वाटलं संपलं, आता काय सांगायचं यांना.

पण त्याच खंडात वाचताना एक गोष्ट लक्षात आली की मॅनर म्हणजे घर नाहीच. मॅनर म्हणजे जमिनीचा एक पट्टा, त्यावर मालकाचा हक्क आणि त्या जमिनीवर राहणाऱ्यांचं एक कोर्ट. एका पॅरिशमध्ये तीन मॅनरं असू शकतात, एक मॅनर चार पॅरिशमध्ये पसरलेलं असू शकतं. मालकाचा कारभारी, स्टुअर्ड, ठराविक दिवशी कोर्ट भरवायचा आणि कोण मेलं, कुणाची जमीन कुणाच्या नावावर चढली, कुणी बांध फोडला, कुणी ओढ्यात घाण टाकली हे सगळं लिहून ठेवायचा. जमीन ज्याच्या नावावर चढायची त्याला त्या नोंदीची नक्कल मिळायची, म्हणून त्या जमीनधारणेचं नावच कॉपीहोल्ड. त्याच्याकडे दुसरा कुठला कागद नसायचा, ती नक्कल हाच पुरावा.

हे वाचलं आणि मी हसले, कारण माझे बाबा सातारा जिल्ह्यात तलाठी होते आणि हे सगळं मी लहानपणापासून आमच्या ओसरीवर बघत आले होते.

ही कोर्टाची दप्तरं कुठे आहेत ते शोधायला मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर आहे, नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर, परगणा आणि पॅरिश टाकली की कुठल्या मॅनरची कुठल्या सालची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते येतं. फुकट आहे आणि कितीतरी लोक पॅरिश रजिस्टरपाशी थांबतात, इथपर्यंत येतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. कॉपीहोल्ड कायद्याने १ जानेवारी १९२६ ला संपलं, तेव्हा जुन्या नोंदी जमिनीच्या हक्कासाठी लागतील म्हणून त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं, त्यामुळे ही दप्तरं बऱ्यापैकी टिकून राहिलीत. आमच्या मॅनरची कोर्ट बुकं १६७४ पासून होती आणि होती द कीप मध्ये, ब्रायटनजवळ फाल्मरला, पूर्व ससेक्सचं सगळं दप्तर तिथेच असतं.

ओळखपत्र घेऊन कार्ड काढलं, पिशवी लॉकरमध्ये, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. समोर फोमची उशी, तिच्यावर ते पुस्तक, पानं दाबून धरायला कापडात गुंडाळलेली मण्यांची माळ. वेष्टन उघडल्यावर जुन्या कातड्याचा वास आला. मागे खातेदारांच्या नावांची सूची होती आणि त्यात आमचं आडनाव एकदा नाही, सोळा वेळा.

१८२४ च्या वसंतातलं पान. मॅनरचा एक खातेदार मागच्या वर्षी वारला, त्याच्याकडे घर, वाडगं आणि साधारण तीन एकर जमीन. मालकाला हेरियट म्हणून एक गाय देणं लागू झालं. हेरियट म्हणजे खातेदार मेला की त्याच्या गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. मग पुढे वारस हजर झाला, वय १३, आणि त्याच्या नावाच्या पुढे लिहिलं होतं की सगळ्यात धाकटा मुलगा आणि या मॅनरच्या रिवाजाप्रमाणे वारस.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. धाकटा! काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या हो, बरो इंग्लिश, ससेक्समधल्या बऱ्याच मॅनरमध्ये हाच रिवाज होता. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी थोरला वारस आणि इथे धाकटा. नाव कुठून आलं तर नॉटिंगहॅममधून, फ्रान्समधून नॉर्मन आल्यावर त्या गावाचे दोन भाग होते, एक फ्रेंचांचा नि एक इंग्रजांचा, आणि इंग्रजांच्या भागात धाकट्याला वारसा मिळायचा. का, तर याचं पक्कं उत्तर कुणी देत नाही पण मला एक पटतं, थोरले तोपर्यंत हातापायाने धड होऊन बाहेर पडलेले असतात, आईबापाजवळ उरतो तो धाकटा.

आणि मग पुढचं आपोआप उलगडलं. बाप्तिस्मा १७९६ चा तो थोरला, त्याला जमीन मिळणारच नव्हती, हे त्याला लहानपणापासून माहीत असणार. म्हणून तो सुतारकाम शिकला. खातरजमेसाठी त्याच्या बापाचं मृत्युपत्र मागवलं. १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात सिद्ध व्हायची, लुइसच्या आर्चडीकनच्या कोर्टातली द कीप मध्येच आहेत. एक पान, शेवटी सहीऐवजी फुली. माझा थोरला मुलगा, आता क्रॉयडनला सुतार आहे, त्याला दहा पाउंड आणि ज्या पलंगावर मी झोपतो तो पलंग गादीसकट. बस. आठ महिने जे अडलं होतं ते एका ओळीत सुटलं. दुसरा चुलत भाऊ गावातच मजुरी करत राहिला आणि त्याचा बाप, म्हणजे या पोरांचा काका, त्याच कोर्टाच्या पानावर तेरा वर्षांच्या वारसाचा पालक म्हणून लिहिलेला, कारण पोराची आई आधीच गेलेली.

परवानगी घेऊन फोटो काढला होता तो तिथल्या कॅफेतूनच बाबांना व्हॉट्सॲप केला. अक्षर सुंदर आहे, इंग्रजीतच आहे, १७३३ नंतर कोर्टाचं काम लॅटिनमध्ये करायला बंदी आली होती. बाबांचा दहा मिनिटांत फोन. म्हणाले, "अगं, हा फेरफार आहे की. मयत खातेदार, वारसाची नोंद, आणि ह्यो चुलता म्हणजे अपाक." सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून पालनकर्त्याचं नाव लावतात, ते. मी त्यांना सांगितलं की नाव चढवायच्या आधी कोर्टात, गरज पडली तर सलग तीन कोर्टांत, पुकारा करायचे, कुणाचा हक्क असेल तर या म्हणून, तर म्हणाले, "नोटीस काढून हरकती मागवायच्या, बरोबर आहे, त्याशिवाय सर्कल मंजूर कसा करंल." मग मी विचारलं, इथे नाव चढवताना मालकाला पैसे भरावे लागायचे त्याला फाइन म्हणतात, हा दंड कसला? बाबा म्हणाले दंड नव्हं, नजराणा. वतनाच्या जमिनीला आपल्याकडंपण नजराणा भरावा लागायचा.

मी कितीतरी इंग्रजी पुस्तकं चाळली होती त्या शब्दांसाठी, आणि बाबांनी एका फोनमध्ये सगळं माझ्या भाषेत लावून दिलं. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या वहीत इंग्रजी शब्द लिहायचं बंद केलं, बाबांच्या फेरफार रजिस्टरसारखे, म्हणजे नमुना सहासारखे कॉलम आखले, अनुक्रम, मयत, वारस, नातं, नजराणा, तारीख. सोळाच्या सोळा नोंदी त्यात बसल्या. १८२४, १७८९, १७५१, अशा मागे मागे, प्रत्येक वेळी धाकटा मुलगा, तेच घर, तेच वाडगं, तीच तीन एकर. पॅरिश रजिस्टर सांगतं माणूस जन्मला आणि मेला, हे पुस्तक सांगतं मधल्या काळात तो कुठे उभा होता.

एका नोंदीत नाव चढवायची पद्धतच लिहिलीय. स्टुअर्ड हातातली काठी पुढे करायचा, नव्या खातेदाराने तिचं दुसरं टोक धरायचं, म्हणजे जमीन त्याच्या हातात आली. काठीने दिली असा शब्दच असतो नोंदीत. कागद वाचता न येणाऱ्या माणसालाही कळेल असं.

सासऱ्यांना सांगायचा दिवस आला. मी सगळं टेबलावर मांडलं आणि आधीच सांगून टाकलं की मॅनरचे मालक आपण नव्हतो, कॉपीहोल्डर होतो, खातेदार. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, आजोबा म्हणायचे वी वेअर ऑफ द मॅनर, कधी म्हणाले नाहीत की मॅनर आपलं होतं. आणि ते खरंच आहे. घरातली आठवण अगदी बरोबर होती, दीडशे वर्षांत फक्त त्या शब्दाचा अर्थ बदलला आणि जत्रेतली फ्रेम आली तिने तो पक्का केला. कोर्टाच्या पुस्तकात तर प्रत्येक वेळी त्यांना मॅनरचा खातेदार असंच म्हटलंय.

मी त्यांना माझ्या आजोबांचं सांगितलं. आजोबा कूळ होते, दुसऱ्याची जमीन कसायचे. कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारा मालक झाला, आणि आमच्या घरी त्या सातबाऱ्याची नक्कल अजून देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. कूळ होतो हे सांगायची आम्हाला कधी लाज वाटली नाही, ती जमीन कसली म्हणून तर नाव लागलं. सासऱ्यांनी विचारलं तुझ्या आजोबांची किती होती? मी म्हटलं साडेतीन एकर. ते म्हणाले, आमचीही जवळपास तेवढीच.

मे महिन्यात गेलो सगळे. टाइथ मॅपची प्रत सोबत होती. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्यात द्यायचा दशमांश पैशात बदलला, त्यासाठी गावागावाचे नकाशे झाले, प्रत्येक तुकड्याला नंबर आणि सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक, क्षेत्र. आमच्या धाकट्याच्या नावावर एक वाडगं आणि जिला ससेक्समध्ये विश म्हणतात ती जमीन, ओढ्याकाठची पाणथळ. नकाशातला ओढ्याचा वळसा आजच्या नकाशात जसाच्या तसा आहे, त्यामुळे जागा चुकायचा प्रश्नच नव्हता. घर आता दुसऱ्यांचं आहे, आम्ही तिकडे गेलो नाही, पण शेताच्या कडेने सार्वजनिक पायवाट जाते. फ्लिंटच्या काळ्या पांढऱ्या गोट्यांची कंबरेएवढी भिंत, पलीकडे मेंढ्या, आणि पायवाटेवरची माती खडूसारखी पांढरी, बुटांना चिकटून घरापर्यंत आली.

मॅनर हाउसही आहे, चर्चच्या मागे, शेतकऱ्याचं बऱ्यापैकी मोठं घर. सासऱ्यांनी गाडीतून एकदा बघितलं आणि म्हणाले चला. शेतापाशी मात्र ते तासभर थांबले. भिंतीवर हात ठेवून उभे होते. मग माझ्या धाकट्या मुलीला हाक मारली, हातातली काठी तिच्यापुढे केली, मी तिला काठीची गोष्ट आदल्या रात्री सांगितली होती, तिने लगेच दुसरं टोक धरलं. थोरली म्हणाली मला का नाही, तर ते म्हणाले तू सुतार होशील.

फ्रेम अजून हॉलमध्येच आहे, मी काढा म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही, त्यांच्या वडिलांची वस्तू आहे ती. तिच्या खाली आता १८२४ च्या पानाची प्रत लावलीय, आणि घरी कुणी आलं की सासरे चष्मा लावून खालची प्रत वाचून दाखवतात, गाय दिली तिथपर्यंत.

आता राहिलंय ते १६७४. पहिल्या कोर्ट बुकच्या पहिल्या पाच पानांत आमच्या आडनावाची एक विधवा आहे, नोंद लॅटिनमध्ये, नवऱ्याच्या पश्चात ती तेच घर धरून आहे. विधवेला हयातीपर्यंत किंवा दुसरं लग्न करेपर्यंत जमीन धरता यायची, ससेक्समध्ये त्याला विडोज बेंच म्हणतात. तिच्या मागचं काही मिळायचं असेल तर चामड्याच्या गुंडाळ्यांमध्ये, त्या काळच्या वळणाच्या अक्षरात आणि आखूड केलेल्या लॅटिनमध्ये. नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर लॅटिनचे फुकट धडे आहेत, रोज रात्री मुली झोपल्यावर एक करते, बाराव्यावर आलेय. बाबा दर रविवारी विचारतात, त्या बाईंच्या वारसाचं काय झालं. मार्चमधली अपॉइंटमेंट घेतलीय, तीन गुंडाळ्या मागवून ठेवल्यात.